१९७० शेव्हेल, ३५० स्मॉल ब्लॉक: गरम इंजिनावर नुसता 'टक' आणि नव्या स्टार्टरचा कर्कश आवाज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओहायोत १९७० ची शेव्हरोले शेव्हेल मलिबू, ३५० घन इंचाचं 'स्मॉल ब्लॉक' इंजिन, टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागाहून बसवलेले ट्यूब हेडर्स (एक्झॉस्टच्या सुट्या नळ्या). थंड असताना गाडी लगेच सुरू होते. हायवेवर अर्धा तास चालवून पेट्रोलला थांबलात की किल्ली फिरवल्यावर एकच 'टक', पुढे काही नाही. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरळीत. वर्षात दोन स्टार्टर बदलून झाले आणि दुसरा बसवल्यापासून इंजिन सुरू होताना किंचाळल्यासारखा आवाज येतो. आता तिसरा कुठला घ्यावा आणि शिम (स्टार्टर आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये घालायचे पातळ पत्रे) किती घालाव्यात?

यात दोन वेगळे बिघाड एकमेकांत मिसळलेत. गरम इंजिनावर सेल्फ न लागणं हा विजेचा किंवा उष्णतेचा प्रश्न आहे. कर्कश आवाज हा पिनियन (स्टार्टरचं छोटं दातेरी चाक) आणि रिंग गिअर (ते ज्याला फिरवतं ते इंजिनाचं मोठं दातेरी कडं) यांच्यातल्या अंतराचा प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर म्हणून तुम्ही दोनदा स्टार्टर विकत घेतला आणि त्यातून दुसरा प्रश्न उभा राहिला. तिसरा स्टार्टर आणण्याआधी मल्टीमीटर घेऊन अर्धा तास द्या. स्टार्टर काढणं-घालणं तासाभराचं काम आहे. तो नीट मापात बसला की नाही हे तपासणं हेच खरं काम, आणि बहुतेक वेळा तेच राहून जातं.

आधी 'टक' बघू. त्या काळातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत स्टार्टरसाठी वेगळा रिले नसतो. किल्लीच्या स्विचमधून निघालेली जांभळी वायर न्यूट्रल सेफ्टी स्विचमधून (पार्क किंवा न्यूट्रलमध्येच सेल्फ लागू देणारा स्विच), फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्यावरच्या) मोठ्या कनेक्टरमधून थेट सोलेनॉइडच्या (स्टार्टरवरच्या विद्युतचुंबकी स्विचच्या) 'एस' टर्मिनलवर येते. म्हणजे जो आवाज ऐकू येतो तो सोलेनॉइडचाच. ठणठणीत, जोरात 'टक' झाला तर प्लंजर (सोलेनॉइडमधला सरकता दांडा) पूर्ण सरकलाय, पण मोटरला करंट पोहोचत नाही किंवा मोटरच फिरत नाही. मऊ, अर्धवट 'टिक' असेल तर प्लंजरला पूर्ण खेचण्याइतका जोर मिळत नाही. 'टकटकटकटक' असं लागोपाठ झालं तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. आवाजच नाही, तर 'एस'पर्यंत वीजच येत नाही.

सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक खेचणारी आणि एक धरून ठेवणारी. सुरुवातीला दोन्ही मिळून चांगलाच करंट ओढतात आणि तो सगळा त्या पन्नास वर्षं जुन्या जांभळ्या वायरमधून जातो. तांबं जसं तापतं तसा त्याचा विरोध वाढतो, दर अंश सेल्सियसला साधारण ०.४ टक्के. हेडर्सची नळी सोलेनॉइडपासून दोन बोटांवर असेल तर गाडी थांबवल्यावर, हवा वाहणं बंद झाल्यावर, सोलेनॉइडचं तापमान सहज शंभर अंशांनी वाढतं. म्हणजे विरोध ४० टक्क्यांनी जास्त आणि करंट सुमारे ३० टक्क्यांनी कमी. त्यात स्विच, सेफ्टी स्विच आणि कनेक्टर यांनी मिळून दोन-तीन व्होल्ट खाल्ले असतील तर थंडीत जेमतेम भागत होतं ते गरमीत भागत नाही. नवा स्टार्टर लावल्यावर थोडे दिवस बरं वाटतं, कारण त्याचा प्लंजर गुळगुळीत असतो. वायरिंग मात्र तेच राहतं.

म्हणून मापं अशी घ्या. गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडणी. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची प्लस वायर काढून टेप लावून ठेवा. दुसरं कोणीतरी किल्ली फिरवेल, आणि त्या वेळी गाडीखाली कोणीही नको. मीटरला लांब वायरी लावून बाजूला उभं राहून वाचा. बिघाड गरम असतानाच येतो, तेव्हा ही मापं गाडी तापवून, 'टक' होत असतानाच घ्यायची. थंड गाडीवर सगळं बरोबरच दिसेल.

पहिलं माप थेट बॅटरीच्या दोन खुंट्यांवर. सेल्फ मारताना साधारण २१ अंश तापमानाला व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर आधी बॅटरी तपासा, बाकी सगळं नंतर. दुसरं, बॅटरीच्या प्लस खुंटीपासून सोलेनॉइडच्या मोठ्या स्टडपर्यंत. किल्ली फिरवलेली असताना इथे ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा तिची टोकं खराब. तिसरं, इंजिन ब्लॉकपासून बॅटरीच्या मायनस खुंटीपर्यंत. इथे ०.२ ते ०.३ च्या वर जाऊ नये. जास्त असेल तर अर्थची केबल आणि ब्लॉकवरचा रंग-गंज बघा. एक सूचना: ही दोन मापं मोटर फिरत असताना किंवा फिरण्याचा प्रयत्न करत असतानाच खरी. करंट वाहत नसेल तर कुजलेली केबलही शून्य दाखवते. चौथं, 'एस' टर्मिनल ते स्टार्टरचं अंग. तुमच्या लक्षणांवरून मला सर्वांत जास्त संशय इथेच आहे. दहा-साडेदहा व्होल्ट येत असतील तर वायरिंग ठीक. सात-आठ दिसले तर स्टार्टर निर्दोष आहे, तो ठेवा.

आणि 'एस'वर पुरेसं व्होल्टेज असूनही ठणठणीत 'टक' होऊन मोटर गप्प राहत असेल तर मोठ्या स्टडपासून मोटरकडे जाणाऱ्या पट्टीपर्यंतचं माप घ्या. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त म्हणजे सोलेनॉइडच्या आतली तांब्याची चकती जळून काळी पडली आहे. पट्टीवर व्होल्टेज येतंय तरी मोटर हलत नाही, तर ब्रश संपलेत किंवा बुश इतके झिजलेत की आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आतल्या पोलला घासतंय. या दोनच गोष्टींत स्टार्टर उघडायला किंवा बदलायला हवा.

'एस'वर व्होल्टेज कमी आलं तर आधी मूळ दुरुस्ती. १९६९ पासून किल्ली स्टीअरिंग कॉलमवर आली, पण विजेचा स्विच किल्लीपाशी नसतो; तो डॅशबोर्डखाली कॉलमच्या पाठीवर असतो आणि लांब सळीने हलतो. दोन स्क्रूंवर तो मागेपुढे सरकतो. जरा सरकलेला असला तर किल्ली पूर्ण फिरवूनही संपर्क अर्धवट राहतो. फायरवॉलचा कनेक्टर उघडून पिना साफ करा. हिरवी पूड दिसली तर पिन बदला, नुसता स्प्रे मारून ती फार दिवस टिकत नाही.

एवढं करूनही हेडर्स असलेल्या गाडीत मी मदतनीस रिले बसवायला सांगतो. फोर्डच्या गाड्यांत फेंडरच्या आतल्या बाजूला असतो तोच गोल रिले, स्वस्त आणि दणकट. जांभळी वायर रिलेच्या छोट्या 'एस' खुंटीवर. बॅटरीकडून फ्युजिबल लिंक (फ्यूजसारखा वितळणारा वायरचा तुकडा) घालून १० गेजची वायर रिलेच्या एका मोठ्या खुंटीवर, आणि दुसऱ्या मोठ्या खुंटीवरून १० गेजची वायर खाली सोलेनॉइडच्या 'एस' टर्मिनलवर. रिलेचं अंगच अर्थ असतं, तेव्हा तो बसवण्याच्या जागेचा रंग खरवडा. बॅटरीची जाड केबल जशी आहे तशीच स्टार्टरला राहते. आता जुन्या वायरिंगला फक्त रिलेची गुंडाळी चालवायची आहे आणि सोलेनॉइडला जवळजवळ पूर्ण बॅटरी मिळते.

याची एक सोपी आवृत्ती सुचवली जाते: जाड केबलच रिलेतून न्यायची आणि स्टार्टरवर मोठा स्टड आणि 'एस' तारेच्या तुकड्याने जोडून टाकायचे. कायम चुंबकाच्या गिअर-रिडक्शन स्टार्टरवर हे अजिबात करू नका. किल्ली सोडल्यावरही फिरती मोटर स्वतः वीज तयार करते, ती वीज त्या तुकड्यातून 'एस'ला मिळते आणि पिनियन रिंग गिअरमध्ये अडकून राहतो.

अजून एक चाचणी, फुकटची. गरम असताना इंजिन फिरतं पण जड, धक्के खात फिरतं, असं कधी होतं का? होत असेल तर कॉइलची वायर काढून सेल्फ मारा. लगेच मोकळं फिरू लागलं तर इग्निशनचं टायमिंग जास्त पुढे आहे आणि ठिणगी पिस्टनला उलटं ढकलते आहे. तो दोष स्टार्टरचा नाही. शिवाय अशा उलट्या धक्क्यांनीच स्टार्टरचं नाक (पिनियन असलेलं, ब्लॉकला बोल्ट होणारं टोक) तुटतं.

आता स्टार्टर कुठला. हे तुमच्या गाडीचं तुम्हाला काय करायचंय यावर आहे. मूळ डेल्को-रेमी स्टार्टर अजून तुमच्याकडे असेल तर तो दुकानात 'कोअर' म्हणून (नव्याच्या बदल्यात द्यायचा जुना भाग) परत देऊ नका. त्याच्या अंगावर पार्ट नंबर आणि तारखेचा कोड ठोकलेला असतो: आधी वर्षाचा आकडा, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. गाडीच्या तारखेशी जुळणारा असेल तर त्याची किंमत वेगळीच आहे. ब्रश, दोन्ही बुश, ड्राइव्ह आणि सोलेनॉइड बदलून तो नव्यासारखा होतो. हेडर्सशिवाय, कारखान्यातल्या एक्झॉस्टसह चालणाऱ्या गाडीला याहून वेगळं काही लागत नाही. तुमच्यासारखी हेडर्सवाली गाडी असेल तर छोटा गिअर-रिडक्शन स्टार्टर घेण्यात अर्थ आहे. तो जवळपास निम्म्या वजनाचा असतो, करंट कमी ओढतो, आणि चांगल्या बनावटीत त्याचं अंग फिरवून सोलेनॉइड नळीपासून लांब नेता येतं. त्याला हातोडीने ठोकू मात्र नका, आतले चुंबक तडकतात. दुकानातला रिबिल्ट, म्हणजे सध्या तुमच्याकडे आहे तसा, हा तिसरा पर्याय. त्यात मी एकच गोष्ट बघतो: नाक बरोबर आहे का.

कारण स्मॉल ब्लॉकला दोन मापांच्या फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या मागे बसणारी, कडेला रिंग गिअर असलेली प्लेट) येतात. १५३ दातांची, व्यास सुमारे पावणेतेरा इंच. आणि १६८ दातांची, व्यास सुमारे १४ इंच. १५३ साठीच्या स्टार्टरची दोन बोल्ट-भोकं एका सरळ रेषेत असतात, १६८ साठीच्याची तिरकी, एक पुढे एक मागे. बऱ्याच ब्लॉकांत दोन्ही रचनांसाठी तीन भोकं पाडलेली असतात, त्यामुळे चुकीचा स्टार्टरही बिनतक्रार बोल्ट होतो. १६८ चा स्टार्टर १५३ च्या प्लेटवर लावला तर पिनियन दातांपासून लांब राहतो, टोकांवरच घासतो आणि किंचाळतो. उलट केलं तर पिनियन प्लेटला भिडतो, बसतच नाही. पन्नास वर्षांत इंजिन किंवा गिअरबॉक्स कोणी बदलला असेल तर गाडीच्या कागदांवरून काही कळत नाही. खालचं झाकण काढून व्यास मोजा. तुमचा आवाज दुसऱ्या स्टार्टरनंतरच सुरू झाला, म्हणून हे सर्वांत आधी.

काढण्याचं काम. बॅटरीची मायनस केबल पहिल्यांदा काढा. स्टार्टरच्या मोठ्या स्टडवर फ्यूज नसतो. पाना एकाच वेळी त्याला आणि हेडरला लागला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं. गाडी जॅक स्टँडवर, सपाट जमिनीवर. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जाऊ नका. इंजिन पूर्ण थंड हवं. स्टार्टर प्रवाशाच्या बाजूला, म्हणजे या अमेरिकन गाडीत उजवीकडे, इंजिनाच्या मागच्या टोकाशी खाली आहे. वायरींचा फोटो काढा. मोठ्या स्टडवर बॅटरीची केबल आणि कधी फ्युजिबल लिंक; छोट्या दोन खुंट्यांत इंजिनाच्या बाजूची 'एस' जांभळी, आणि बाहेरच्या बाजूची 'आर', पिवळी. छोट्या खुंट्यांचे नट १०-३२ आट्याचे असतात आणि त्यांना जोर लावला तर खुंटीच आत फिरते आणि आतली वायर तुटते. बसवताना तर विशेष जपा: हलक्या हाताने, जेमतेम घट्ट.

मग पुढच्या टोकाचा ब्रॅकेट सोडवा. बहुतेक गाड्यांत तो नसतोच, कारण कोणीतरी कधीतरी काढून परत लावलेला नसतो. त्यानंतर ९/१६ च्या सॉकेटने दोन मुख्य बोल्ट. बाहेरचा आधी, आतला शेवटी, आणि शेवटचे काही आटे सोडवताना एक हात स्टार्टरखाली. मूळ स्टार्टर आठ-नऊ किलोचा असतो आणि तो थेट तोंडावर येतो. हेडर्समधून तो पुढे ओढून, नाक खाली करून निघतो. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर लिंकेज बाजूला जाऊन जागा होते. काही हेडर्सना मात्र एक नळी सैल केल्याशिवाय गत्यंतर नसतं. ब्लॉकच्या पॅडवर (स्टार्टर टेकतो त्या सपाट जागेवर) चिकटलेल्या शिम किती आणि कुठे होत्या ते लिहून ठेवा, आणि सगळ्या काढून टाका.

बोल्ट हातात घेऊन नीट बघा. डोक्याखालच्या गुळगुळीत भागात एका पट्ट्यावर बारीक उभ्या रेघा कोरलेल्या दिसतील, नाण्याच्या कडेला असतात तशा. त्या पट्ट्याचा व्यास बाकी दांड्यापेक्षा किंचित जास्त असतो आणि तो स्टार्टरच्या नाकातल्या भोकात घट्ट बसतो. स्टार्टरला जागेवर पकडून ठेवणारी दुसरी काही व्यवस्था या इंजिनात नाही. हार्डवेअरच्या दुकानातला साधा ३/८ चा बोल्ट, कितीही चांगल्या दर्जाचा असला तरी, भोकात किंचित सैल असतो. दर वेळी पिनियन दात मारतो तेव्हा स्टार्टर कणभर सरकतो. मापलेलं अंतर महिन्याभरात बदलतं आणि मग लोक शिम घालत बसतात. तुमचे बोल्ट साधे असतील तर बाकी काही करण्याआधी ते बदला. सरळ भोकांना दोन्ही बोल्ट लांब, तिरक्या भोकांना एक लांब आणि एक आखूड. गिअर-रिडक्शन स्टार्टरचं नाक वेगळ्या जाडीचं असतं, त्याला सोबत आलेलेच बोल्ट वापरा. बोल्ट हाताने निदान सहा-सात आटे सहज गेला पाहिजे. जात नसेल तर ३/८-१६ चा टॅप फिरवून आटे साफ करा. पान्याने जबरदस्ती केली तर ब्लॉकचा कान तुटतो आणि ते नुकसान फार महाग पडतं.

स्टार्टर बाहेर आहे तोवर रिंग गिअरचा प्रत्येक दात बघा. स्पार्क प्लग काढा, पुढच्या बॅलन्सरच्या (क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरच्या चाकाच्या) बोल्टवर सॉकेट लावून इंजिन हाताने हळूहळू पूर्ण एक फेरा फिरवा आणि टॉर्च खालून मारा. व्ही-८ इंजिन थांबताना कुठल्यातरी सिलिंडरच्या दाबावर अडून थांबतं, त्यामुळे फेऱ्यात ठरावीक चार ठिकाणीच स्टार्टर पुन्हा पुन्हा दात मारतो. तिथले दात समोरच्या कडेला थोडे गोल झालेले असतील, ते चालतं. दाताची अर्धी लांबी खाल्ली गेली असेल, दात तुटला असेल किंवा मधल्या बोल्टांभोवती प्लेटला तडा दिसला, तर कुठलाही स्टार्टर आणि कितीही शिम उपयोगी नाहीत. गिअरबॉक्स मागे सरकवून फ्लेक्सप्लेट बदलावी लागेल. तसंच एखाद्या ठिकाणी दातांच्या फक्त टोकावर चकाकी आहे की मुळापर्यंत खूण आहे तेही बघा. टोकावरच चकाकी म्हणजे पिनियन लांब होता.

आता बसवणं आणि मापणं. पहिल्यांदा शून्य शिम. ब्लॉकचे आणि स्टार्टरचे पॅड तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करा. करंट परत जायचा रस्ताही तोच आहे. बोल्ट ३० ते ३५ फूट-पाउंड, म्हणजे साधारण ४१ ते ४७ न्यूटन-मीटर. अंतर मोजताना बोल्ट पूर्ण टॉर्कवरच हवेत. बॅटरी अजून सुटलेलीच.

फ्लेक्सप्लेटचं खालचं पत्र्याचं झाकण काढलेलं आहे. मूळ स्टार्टरच्या नाकाला खालून एक खाच असते, तिच्यातून स्क्रूड्रायव्हर घालून पिनियन मागे सरकवून रिंग गिअरमध्ये गुंतवा. दातावर दात आला तर इंजिन किंचित फिरवा. मग पिनियनच्या एका दाताचं टोक आणि रिंग गिअरच्या दोन दातांमधली खोल जागा यांच्यात तारेचा गेज घाला. कमीत कमी ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर हवं. साध्या पेपर क्लिपची तार सुमारे ०.०३५ इंचाची असते. ती जेमतेम सरकत असेल तर अंतर वरच्या मर्यादेला आलंय असं मी समजतो. पूर्ण सैल जात असेल तर जास्त आहे. हे एकाच जागी मोजून थांबू नका. रिंग गिअर अगदी वर्तुळाकार नसतो, तीन-चार ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी अंतर आलं त्या जागेवर निर्णय घ्या. पिनियन आराम स्थितीत असताना त्याचा चेहरा आणि रिंग गिअरची कड यांच्यात १/१६ ते १/८ इंच मोकळी जागा आहे का तेही बघून घ्या.

शिम कशी काम करते हे एकदा कळलं की अंदाज बांधावा लागत नाही. दोन्ही पॅडवर सारखी शिम घातली की स्टार्टर खाली, दातांपासून लांब जातो. ०.०१५ इंचाच्या एका शिमने दातांतलं अंतर साधारण ०.००५ ने वाढतं. फक्त बाहेरच्या बोल्टखाली शिम घातली तर स्टार्टर तिरका होऊन पिनियन प्लेटच्या जवळ येतो. दोन शिमपेक्षा जास्त लागत असतील तर थांबा; नाक, प्लेट किंवा बोल्ट यांपैकी काहीतरी चुकीचं आहे.

कारखान्याच्या सर्व्हिस पद्धतीत आवाजावरून निदान आहे आणि ते खरोखर बरोबर ठरतं. आवाज नेमका केव्हा येतो एवढंच नीट ऐकायचं. इंजिन फिरत असताना, पेटण्याआधीच कर्कश आवाज येत असेल तर अंतर जास्त आहे: शिम काढा, किंवा बाहेरच्या बाजूला एक घाला. इंजिन पेटल्यावर, किल्ली सोडता सोडता कर्कश आवाज येत असेल तर अंतर कमी आहे: दोन्हीकडे एक-एक शिम वाढवा. इंजिन पेटलंय, किल्ली अजून धरलेली आहे आणि मोठा 'हूऽऽप' असा आवाज, तर पिनियनचा एकदिशा क्लच गेला. स्टार्टर थांबत जाताना गुरगुर किंवा खडखड, तर आर्मेचर वाकलेलं आहे. शेवटच्या दोन आवाजांत शिमचा काही संबंध नाही. तुम्ही 'सुरू होताना' आवाज येतो एवढंच लिहिलंय. पेटण्याआधी की पेटल्यावर, हे सांगितलंत तर शिम वाढवायची की काढायची हे लगेच ठरेल. दोन्ही उपाय नेमके उलटे आहेत, म्हणून अंदाजाने शिम घालून बघू नका.

अंतर जमलं की पुढचा ब्रॅकेट परत लावा. हरवला असेल तर नवा मिळतो. जड मोटर फक्त मागच्या दोन बोल्टांवर लोंबकळत राहिली तर कंपनाने नाक तडकतं. ब्रॅकेट आधी दोन्ही टोकांना सैल लावा आणि सहज बसतोय ना ते बघून घट्ट करा. त्याने स्टार्टरला ओढून वाकवलं तर आत्ताच जमवलेलं अंतर बिघडतं.

वायरी लावताना जाड केबल आणि जांभळी वायर हेडरच्या नळीपासून जितक्या लांब नेता येतील तितक्या न्या, क्लॅम्पने बांधा आणि उष्णतारोधक नळीत घाला. नुसती गुंडाळलेली टेप वितळते. सोलेनॉइड आणि नळी यांच्या मध्ये पत्र्याची ढाल बसवण्याइतकी जागा असेल तर बसवा. स्टार्टरला घट्ट लपेटलेल्या कापडापेक्षा मध्ये हवा राहू देणारी ढाल मला बरी वाटते.

पिवळ्या 'आर' वायरीकडे दुर्लक्ष करू नका. तुमच्या गाडीत मूळ पॉइंट्सचं इग्निशन असेल तर चालू इंजिनात कॉइलला विरोध-वायरीतून कमी व्होल्टेज मिळतं, आणि सेल्फ मारताना मात्र 'आर'वरून पूर्ण बॅटरी मिळते. गिअर-रिडक्शन स्टार्टरला बहुधा 'आर' खुंटी नसते. वायर मोकळी सोडली तर इंजिन फिरत राहतं आणि किल्ली सोडतानाच पेटतं, किंवा पेटतच नाही. वर सांगितलेला फोर्डचा रिले घेतलात तर त्याला 'आय' खुंटी असलेला प्रकार घ्या आणि पिवळी वायर तिथे लावा; सेल्फ मारतानाच तिथे वीज येते. रिले नको असेल तर 'एस'पासून कॉइलच्या प्लसपर्यंत डायोड घाला, त्याची पट्टी कॉइलकडे. डायोडशिवाय जोडलं तर कॉइलची वीज उलटी 'एस'ला जाईल. पूर्ण १२ व्होल्टवर चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर पिवळी वायर लागतच नाही. टोक नीट बंद करून बांधून ठेवा.

शेवटी बॅटरीची मायनस केबल. कॉइल सुटलेलीच ठेवून दोन-तीन सेकंदांचे चार-पाच छोटे सेल्फ मारा आणि ऐका. सलग ३० सेकंदांपेक्षा जास्त कधीच नाही, आणि प्रत्येक लांब प्रयत्नानंतर दोन मिनिटं थंड होऊ द्या. मग कॉइल जोडून इंजिन सुरू करा, तापवा, बंद करा, दहा मिनिटं उभं ठेवा आणि पुन्हा किल्ली फिरवा. थांबल्यावर उष्णता सोलेनॉइडमध्ये शिरते ती याच वेळेत, तेव्हा खरी परीक्षा हीच. सुरू झालं तरी 'एस'चं माप तेव्हाच घेऊन लिहून ठेवा. शंभरेक मैल चालवल्यावर, थंड इंजिनावर, दोन्ही बोल्टांचा टॉर्क पुन्हा एकदा बघा.

फ्लेक्सप्लेटचा व्यास, बोल्टांचा फोटो आणि गरम असतानाचं 'एस'चं व्होल्टेज एवढं इथे टाकलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल. तोवर तिसरा स्टार्टर घेऊ नका.